हृदयातलं छिद्र: छत्री की टाके?

मुलाच्या हृदयात छिद्र आहे म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, 'छत्री बसवून भागेल ना?' वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असेल, म्हणजे एएसडी, तर बऱ्याचदा भागतं. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. नळीत घडी करून ठेवलेली निटिनॉलच्या (निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या) तारांची जाळी, म्हणजेच ती छत्री, छिद्राशी उघडते आणि तिच्या दोन चकत्या पडद्याला दोन्हीकडून धरतात. हृदय धडधडतच असतं. एक-दोन दिवसांत मूल घरी येतं, मांडीवर छोटीशी पट्टी एवढीच काय ती खूण. साधारण सहा महिन्यांत जाळीवर हृदयाचं अस्तर चढतं. तोवर जाळीवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन चालू.

पण छत्रीला टेकायला काठ लागतो. छिद्र पडद्याच्या अगदी कडेला असेल किंवा फारच मोठं असेल, तर हट्ट धरू नये. तिथे शस्त्रक्रियाच बरी, आणि ती काही कमी प्रतीची नव्हे. हार्ट-लंग मशीन (शस्त्रक्रियेपुरतं हृदय आणि फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र) लावून अमेरिकन सर्जन जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, ती एएसडीचीच. सर्जन बहुतेकदा मुलाच्याच हृदयावरणाचा तुकडा कापून ठिगळ म्हणून शिवतात. साधारण आठवडाभर रुग्णालयात राहावं लागतं, छातीवर व्रण राहतो, छातीचं कापलेलं हाड जुळेपर्यंत मुलाला काखेत धरून उचलायचं नाही. (आजीला हे रोज सांगावं लागतं!)

निवड शेवटी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसणारा काठ करतो. आणि छिद्र लहान असेल, तर नुसतं लक्ष ठेवूनही चालतं.