क्राबीची चार बेटं: स्पीडबोट की लाँगटेल?

थायलंडमधल्या क्राबीला दोघंच चाललाय आणि आओ नांगच्या किनाऱ्यावरून बेटं फिरायला एक दिवस राखून ठेवलाय, तर प्रश्न एकच उरतो. पॅकेजमधली स्पीडबोट, की लाँगटेल, म्हणजे तिथली इंजिनाची लाकडी होडी, पूर्ण आपल्या दोघांसाठी घेऊन? फेब्रुवारीत आम्ही लागोपाठच्या दोन दिवसांत दोन्ही केलं. हौस म्हणून नव्हे, पहिल्या दिवशी पोपट झाला म्हणून.

स्पीडबोटीला नावं ठेवायला तसं फार काही नाही. हॉटेलच्या दारातून गाडी नेते, जेवण त्यांचं, लाइफ जॅकेट त्यांचं, आणि दोघांच्या हिशेबात ती स्वस्तही पडते. फक्त पुढच्या बाकावर बसू नका. लाट लागली की घोडबंदर रोडचा पावसाळा आठवतो, आणि तिथे निदान रिक्षावाल्याला ‘जरा हळू’ म्हणता येतं. मागे बसावं, पेट्रोलचा वास सोसावा.

आमचं बिनसलं ते वेगळ्याच कारणावरून. टप आणि चिकन या बेटांना जोडणारा वाळूचा पट्टा ओहोटीला वर येतो. तिथे त्याला थले वाएक म्हणतात, म्हणजे दुभंगलेला समुद्र. बायकोला त्या वाळूवरून चालायचं होतं. बाकी बेटांचं तिला फारसं पडलेलं नव्हतं. आमची बोट पोचली सकाळी अकराला, आणि वाळूच्या जागी नुसतं हिरवं पाणी. गाईड म्हणाला, हीच ती जागा, फोटो काढा, पंचवीस मिनिटं. मग शिट्टी. पुढच्या बेटावर पुन्हा शिट्टी. सकाळची फास्ट पकडायला ठाणे स्टेशनचा जिना रोज धावत उतरणारा माणूस मी; सुट्टीतही तेच करायचं तर एवढं लांब कशाला यायचं?

मला राग आला तो जास्त माझाच. ऐरोलीहून खाडीत फ्लेमिंगो बघायला बोट निघते, त्या फेरीला मी तीनदा गेलोय. तिथल्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात, हे मला चांगलं ठाऊक. चेंदणी कोळीवाड्यातला माझा मित्र तर तिथीला पाऊण पटीने गुणून मुंबईच्या भरतीची वेळ तोंडी सांगतो. तो हिशेब तिकडे लागू नाही, पण भरतीची वेळ बघून निघावं एवढी अक्कल तरी हवी होती. आमच्या स्पीडबोटीचं वेळापत्रक मात्र छापील होतं. कदाचित सगळ्यांचं तसं नसेल.

त्याच संध्याकाळी किनाऱ्यावरच्या होडीवाल्यांच्या टपरीत गेलो. पोरगेलासा नावाडी होता. त्याला फोनवर पट्ट्याचा फोटो दाखवला, तर त्याने मान हलवून घड्याळातल्या चारवर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे माघी पौर्णिमा उलटून एक दिवस झालेला, जेवून दुपारी निघालो. पोडा बेटावर निवांत डुंबलो, फ्रा नांगच्या गुहेत डोकावलो. (तिथे खलाशी लाकडी लिंगं वाहतात. आपल्याला महादेवाची सवय, पण ही जरा जास्तच वास्तववादी.) चारच्या सुमारास टपला पोचलो तर वाळू उघडी, ओली, पावलाखाली घट्ट. सकाळच्या पॅकेजवाल्या बोटी परतलेल्या. बायको चपला हातात घेऊन पार चिकनच्या टोकापर्यंत चालत गेली आणि तशीच परत आली. कुणी शिट्टी वाजवली नाही.

लाँगटेलमध्ये त्रास नाही असं नाही. गाडीचं इंजिन उघडंच होडीच्या मागे बसवलेलं, त्याला लांबलचक दांडा आणि टोकाला पंखा. आवाज असा की बोलणं खाणाखुणांनी. पंचवीस वर्षांच्या संसाराला ते जड जात नाही, नवीन जोडप्यांचं सांगता येत नाही. पाणी अंगावर उडतं, शौचालय नाही, आणि दोघांतच होडी घेतली तर खिशाला बसतं. आणखी एखादं जोडपं जोडलंत तर फरक बराच कमी होतो. गुडघे दुखत असतील तर शिडीवरून पाण्यात उतरणं-चढणं दोन्हीकडे आहेच, पण लाँगटेलचा नावाडी पंखा वर उचलून होडी पार उथळात नेतो आणि वर हातही देतो.

फी फी बेटं गाठायची असतील तर मात्र माझं ऐकू नका, स्पीडबोटच घ्या. अंतर मोठं, समुद्र मोकळा. तिथली माया बे २०१८ ला बंद केली होती, २०२२ ला उघडली. आता बोटी खाडीत शिरत नाहीत, मागच्या बाजूने उतरून चालत जावं लागतं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती बंदच असते. मे ते ऑक्टोबर तसाही त्या बाजूला पावसाळा.

पण चार बेटंच करायची असतील आणि बरोबर मुलंबाळं नसतील, तर विमानाचं तिकीट काढण्याआधी एकदा कालनिर्णय उघडा. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे एक-दोन दिवस धरा, तेव्हा ओहोटी खोल लागते. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी उतरणारी ओहोटी, पट्टा नीट उघडा पडेलच असं नाही. आणि होडीत चढताना तिच्या पुढच्या टोकाला बांधलेल्या रंगीत फितींवर पाय देऊ नका. ती त्यांच्या होडीची देवी. नारळी पौर्णिमेला सजवलेल्या होडीवर आपण चपला घालून चढतो का?