एका लॅपटॉपवर सहा क्लाउड अकाउंट: दीड वर्ष वापरून काय टिकलं

माझी एकूण सहा अकाउंट आहेत. गूगलची तीन, म्हणजे एक स्वतःचं, एक घरच्या फोटोंचं नि एक कामाचं, मग वनड्राइव्हची दोन, दोन्ही पर्सनल, आणि एक जुनं ड्रॉपबॉक्स, जे बंद करता येत नाही कारण त्यातले फोल्डर चार जणांशी शेअर केलेले आहेत. सगळी एकाच लॅपटॉपवर हवी होती. ब्राउझरमधे एकातून बाहेर पडायचं, दुसऱ्यात शिरायचं, अपलोड करायचं आणि मग लक्षात यायचं की फाईल भलत्याच अकाउंटमधे गेली, ह्या प्रकाराला मी खरंच विटलो होतो. म्हणून गेलं दीड वर्ष एकेक अ‍ॅप लावून, काढून, परत लावून बघितलं, त्याचा हा रिव्ह्यू.

आधी सांगतो मी कशावरून जोखलं. स्पीड वगैरे नंतर. दोनच प्रश्न: समोर दिसणारी फाईल कुठल्या अकाउंटमधे आहे, आणि ती खरंच माझ्या डिस्कवर आहे की नुसतं नाव दिसतंय? ह्या दोन गोष्टी बघताक्षणी कळल्या पाहिजेत. नाही कळल्या तर ते अ‍ॅप कितीही देखणं असो, माझ्या कामाचं नाही.

हा आग्रह उगाच नाही. सुरवातीला मी एक पेड अ‍ॅप घेतलं होतं, जे सगळी अकाउंट एकत्र करून एकच मोठा ड्राइव्ह दाखवतं. पहिले दोन आठवडे झकास वाटलं. मग एक दिवस ताईचा फोन, "अरे, आईच्या रिपोर्टचा फोल्डर मला रिकामा का दिसतोय?" मी म्हटलं "ताई, मी कालच टाकलेत सगळे, माझ्याकडे दिसतायत की." "माझ्याकडे एकही नाहीये रे, नीट बघ ना." बघितलं तर माझ्या स्क्रीनवर सगळे रिपोर्ट जागच्या जागी. अ‍ॅपने त्या फाईल जिथे जास्त जागा मोकळी होती त्या अकाउंटमधे ठेवल्या होत्या, आणि ताईशी शेअर केलेला फोल्डर होता दुसऱ्याच अकाउंटमधे. मला एकच फोल्डर दिसत होता, प्रत्यक्षात ते दोन होते. त्या दिवसापासून 'सगळं एकत्र करून देतो' म्हणणाऱ्या कुठल्याही गोष्टीकडे मी जरा थांबून बघतो.

आता कंपन्यांची स्वतःची अ‍ॅप.

गूगल ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप ह्यात सगळ्यात पुढे आहे, कारण एका वेळी ४ अकाउंट चालतात. विंडोजवर स्ट्रीम मोडमधे प्रत्येक अकाउंटला स्वतःचं ड्राइव्ह लेटर मिळतं, ते सेटिंगमधे जाऊन बदलताही येतं. मी कामाच्या अकाउंटला के दिलंय, फोटोंच्याला पी, त्यामुळे सेव्ह करताना चूक जवळपास बंदच झाली. स्ट्रीम आणि मिरर ह्यातला फरक मात्र नीट समजून घ्या: मिररमधे सगळ्या फाईल डिस्कवर उतरतात, स्ट्रीममधे फक्त नावं दिसतात आणि उघडलीत की मग फाईल खाली येते. तीन अकाउंट मिरर केलीत तर लॅपटॉपची डिस्क बघता बघता भरते. स्ट्रीममधेही कॅशे, म्हणजे उघडलेल्या फाईलच्या तात्पुरत्या कॉप्या, जागा खातोच, सी ड्राइव्ह अचानक लाल दिसायला लागला तर आधी तिथे बघा. फुकट अकाउंटची १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून असते, हे बरेच जण विसरतात, आणि मग ड्राइव्ह रिकामा असूनही मेल यायचे बंद का झाले म्हणून शोधत बसतात.

वनड्राइव्हचं दुखणं वेगळं. एका विंडोज युजरमधे एक पर्सनल अकाउंट आणि त्याच्या जोडीला ऑफिस किंवा शाळा-कॉलेजची अकाउंट चालतात, पण दोन पर्सनल अकाउंट एकत्र चालत नाहीत. माझी नेमकी दोन्ही पर्सनल. विंडोजमधे दुसरा युजर बनवून त्यात दुसरं अकाउंट लावता येतं, मी महिनाभर तसं केलंही, पण एक फाईल हवी म्हणून सारखा युजर बदलायचा हे दिवसाच्या धावपळीत जमत नाही. बाकी हे अ‍ॅप मला आवडतं आणि त्याचं कारण म्हणजे स्टेटसची चिन्हं. निळा ढग म्हणजे फाईल फक्त वर क्लाउडमधे आहे, पांढऱ्या गोलातली हिरवी खूण म्हणजे उघडली होती म्हणून सध्या खाली आहे, आणि भरीव हिरव्या गोलातली पांढरी खूण म्हणजे 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस', म्हणजे कायमची डिस्कवर. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतकं स्पष्ट फार कमी ठिकाणी मिळतं. प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री मी लागणाऱ्या फोल्डरवर राइट क्लिक करून ते कायमचं उतरवून घेतो आणि गोल भरीव होईपर्यंत लॅपटॉप बंद करत नाही.

एक गोष्ट मात्र बघून घ्या. सेटअप करताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स ह्या फोल्डरचा बॅकअप घेऊ का असं विचारतात, तिथे घाईत हो म्हटलं की ते फोल्डरच वनड्राइव्हमधे हलतात. फुकट जागा ५ जीबी, त्यात आख्खा डेस्कटॉप कुठे मावणार!

ड्रॉपबॉक्सबद्दल थोडक्यात. एक पर्सनल आणि एक टीमचं अकाउंट जोडता येतं, दोन पर्सनल नाही. फुकटात २ जीबी, आणि मार्च २०१९ पासून फुकट अकाउंट फक्त ३ डिव्हाइसवर जोडता येतं. सिंक, म्हणजे डिस्कवरच्या आणि क्लाउडमधल्या फाईल सारख्या ठेवणं, मात्र एकदम भरवशाचं, आणि दोघांनी एकच फाईल एका वेळी बदलली तर एकाची गिळून न टाकता 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' म्हणून वेगळी ठेवतं, ही चांगली सवय आहे.

तिन्ही अ‍ॅप एकत्र लावलीत की एक विचित्र गोष्ट दिसते, काही फोल्डरवरची हिरवी-निळी चिन्हं गायबच होतात. मला आधी वाटलं सिंक बंद पडलं. तसं नसतं. विंडोज एक्सप्लोरर आयकॉनवर बसणाऱ्या अशा फक्त १५ चिन्हांना जागा देतो, त्यातल्या काही स्वतः विंडोजच वापरतं, आणि उरलेल्यांसाठी सगळी अ‍ॅप भांडतात. जागा नावाच्या अक्षरक्रमाने मिळते म्हणून काही अ‍ॅप रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, आपल्या नावाच्या आधी मुद्दाम स्पेस टाकतात, म्हणजे नंबर पहिला लागावा. तेव्हा चिन्ह नाही म्हणजे सिंक नाही असं समजू नका, खाली घड्याळाशेजारच्या आयकॉनवर क्लिक करून खात्री करा किंवा एक्सप्लोररमधे स्टेटसचा कॉलम चालू करून घ्या.

आणि एका क्लाउडचा फोल्डर दुसऱ्या क्लाउडच्या फोल्डरात कधीही ठेवू नका. डबल बॅकअप होईल असं वाटतं, पण दोन अ‍ॅप एकाच फाईलला हात लावत बसतात, एकाने बदललं की दुसरं चढवतं, तोवर पहिल्याला परत बदल दिसतो, पंखा भणभणत राहतो आणि शेवटी एकाच फाईलच्या चार कॉप्या.

तर गूगलची तीन ड्राइव्ह फॉर डेस्कटॉपमधे बसली, एक वनड्राइव्ह त्याच्या अ‍ॅपमधे, आणि उरलं दुसरं वनड्राइव्ह नि जुनं ड्रॉपबॉक्स. ह्या दोघांसाठी मी आरक्लोनकडे (rclone) आलो आणि आता मनापासून सांगतो, हा ह्या सगळ्यातला माझा सगळ्यात आवडता प्रोग्राम आहे. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो, ७० पेक्षा जास्त सर्व्हिसना जोडतो, आणि अकाउंट किती जोडायची ह्यावर बंधन नाही. एकाच कंपनीची पाच पर्सनल अकाउंट असली तरी चालतील, कारण त्याच्या दृष्टीने प्रत्येक अकाउंट म्हणजे एक 'रिमोट', ज्याला नाव तुम्ही देता.

आरक्लोन कमांड टाइप करून चालवायचा असतो, ती काळी कमांड विंडो बघून घाबरायला होतं हे मान्य, पण पहिला सेटअप म्हणजे सरळ प्रश्नोत्तरं असतात. नवीन रिमोट हवा का, नाव काय, यादीतली कुठली सर्व्हिस, नंबर टाका, मग ब्राउझर उघडतो, तिथे लॉगिन करून परवानगी दिली की झालं. इथे एकच काळजी घ्यायची: ब्राउझरमधे ज्या अकाउंटचं लॉगिन चालू आहे त्याचीच परवानगी जाते. माझ्याकडून पहिल्यांदा दोन्ही रिमोटना एकच अकाउंट जोडलं गेलं होतं. जोडून झालं की 'अबाउट' कमांड चालवून किती जागा वापरली ते बघा, आकडा ओळखीचा वाटला तरच पुढे जा. गूगल ड्राइव्ह जोडणार असाल तर स्वतःचा क्लायंट आयडी, म्हणजे गूगलला प्रोग्रामची ओळख पटवणारा नंबर, काढून घ्या, नाहीतर सगळ्यांच्यात वाटून घेतलेला आयडी वापरला जातो आणि स्पीड मार खातो.

फाईल एक्सप्लोररमधे ड्राइव्हसारखं बघायचं असेल तर 'माउंट'. विंडोजवर त्यासाठी विनएफएसपी नावाचा छोटा प्रोग्राम आधी टाकावा लागतो. माउंट करताना व्हीएफएस कॅशे मोड, म्हणजे फाईल आधी डिस्कवर तात्पुरती ठेवायची सेटिंग, 'राइट्स' किंवा 'फुल' ठेवा. तो मुळात बंद असतो आणि मग काही प्रोग्राममधून फाईल सेव्हच होत नाही, आणि माणूस नेटला दोष देत बसतो.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते. आरक्लोनमधेही अकाउंट एकत्र दाखवायची सोय आहे, पण दोन वेगवेगळ्या प्रकारची. 'युनियन' म्हणजे सगळी अकाउंट मिसळून एकच ढीग, नवी फाईल कुठे जायची ते एका नियमानुसार प्रोग्राम ठरवणार, म्हणजे ताईच्या फोल्डरचं झालं तेच परत. आणि दुसरं 'कंबाइन', ज्यात ड्राइव्ह एकच दिसतो पण आत प्रत्येक अकाउंटचा वेगळा फोल्डर, त्याच्या नावासकट. मी तेच लावलंय. एक ड्राइव्ह उघडला की आत दोन फोल्डर, 'वनड्राइव्ह जुनं' आणि 'ड्रॉपबॉक्स शेअर', कुठली फाईल कोणाच्या घरात आहे ह्यात संशय राहत नाही. मला हवं होतं ते एवढंच होतं आणि त्यासाठी दीड वर्ष गेलं.

एका अकाउंटमधून दुसऱ्यात फोल्डर हलवायलाही आरक्लोन उत्तम, पण 'कॉपी' आणि 'सिंक' ह्या दोन कमांडमधला फरक पाठ करून ठेवा. कॉपी नुसतं नवीन ते टाकते. सिंक दुसरी बाजू पहिलीसारखी तंतोतंत करते, म्हणजे पहिल्या बाजूला नसलेलं दुसरीकडे असेल तर ते उडवते. मी घरचे फोटो हलवताना सिंक लिहिलं होतं, सवयीने आधी 'ड्राय रन' (प्रत्यक्ष काही न बदलता काय होईल ते नुसतं दाखवणारी चाचणी) लावून चालवलं, तर स्क्रीनवर 'स्किप्ड डिलीट' अशा ओळींची रांगच लागली, एकेका फोटोचं नाव आणि पुढे साइज. ड्राय रन नसता तर ते सगळे फोटो उडाले असते. ट्रॅशमधे ३० दिवस मिळतात हे खरं, पण शेकडो फोटो तिथून परत जागच्या जागी लावत बसणं कोणाच्याही वाट्याला येऊ नये. दोन वेगळ्या कंपन्यांमधे फाईल हलवताना सगळा डेटा तुमच्याच नेटवरून खाली येऊन परत वर जातो, तेव्हा मोठा फोल्डर असेल तर रात्री लावून द्या.

गूगल डॉक्स आणि शीट्सची गंमत मात्र वेगळीच, आणि हे बऱ्याच जणांना फार उशिरा कळतं. ड्राइव्ह लेटरमधे ती फाईल दिसते, पण ती फक्त एक लिंक असते, आत मजकूर नसतोच. ती उचलून वनड्राइव्हमधे टाकलीत तर फक्त लिंक गेली, मजकूर गूगलच्याच अकाउंटमधे राहिला, आणि ते अकाउंट बंद केलंत की तुमच्या हातात काहीच नाही. आरक्लोनने कॉपी केलं तर तो डॉक्सची वर्ड फाईल आणि शीटची एक्सेल फाईल करून देतो, म्हणून एखादं अकाउंट रिकामं करायचं असेल तर माझ्या मते तोच वापरा.

ब्राउझरमधूनच एका क्लाउडमधल्या फाईल दुसऱ्यात हलवून देणाऱ्या वेबसाइटही आहेत. सोप्या आहेत, लॅपटॉप बंद असला तरी काम चालू राहतं, पण तुमच्या सगळ्या अकाउंटची परवानगी तिसऱ्याच्या हातात जाते. वापरलीत तर काम झाल्यावर प्रत्येक अकाउंटच्या सिक्युरिटी सेटिंगमधे जाऊन ती परवानगी काढून टाका, नुसतं त्या साइटवरून लॉगआउट केल्याने ती जात नाही. आरक्लोनमधेही परवानगीचे टोकन, म्हणजे अकाउंटच्या किल्ल्याच, तुमच्याच डिस्कवरच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाईलमधे असतात, त्या फाईलला पासवर्ड लावायची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी लावा.

कोणाला काय घ्यावं? फक्त गूगलची दोन-चार अकाउंट असतील तर ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप पुरे, आरक्लोनच्या वाटेला जाऊ नका. एकाच कंपनीची दोन पर्सनल अकाउंट असतील आणि ती कंपनी गूगल नसेल, तर रोजचं अकाउंट कंपनीच्या अ‍ॅपमधे आणि दुसरं आरक्लोनमधे. आरक्लोनला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण लॅपटॉप चालू झाल्यावर माउंट आपोआप व्हावं ह्यासाठी विंडोजच्या टास्क शेड्युलरमधे (प्रोग्राम आपोआप चालू करणारी सोय) हाताने नोंद करावी लागते, आणि हे घरात दुसऱ्या कोणाला शिकवणं अवघड आहे. ताईच्या लॅपटॉपवर ती नोंद मीच जाऊन करून दिली. आता रिपोर्टचा फोल्डर दोघांकडे सारखाच दिसतो, आणि नवीन फाईल टाकली की ती अजूनही एकदा मेसेज करते, "आली का रे तुझ्याकडे?"