कोविडमधे पिशवीचं ऑपरेशन: पुण्यातल्या ह्या हॉस्पिटलचा अनुभव

रिव्ह्यू मोठा आहे आणि अनुभव २०२० च्या कोविडच्या काळातला आहे, पण ज्या बायकांचं ऑपरेशन लटकलंय त्यांनी पूर्ण वाचा ही विनंती. माझं वय ४५, गर्भाशयात साडेआठ सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ, पाळी आली की आठवडा उलटून गेला तरी अंगावरून जाणं थांबायचं नाही. फेब्रुवारी २०२० मधे दुसऱ्या एका मोठ्या हॉस्पिटलमधे पिशवी म्हणजे गर्भाशय काढायचं ठरलं, एप्रिलची तारीखही मिळाली आणि २५ मार्चला लॉकडाऊन लागला. तिथून फोन आला की अर्जंट सोडून सगळी ऑपरेशन्स बंद, परत कळवू. परत कोणीच कळवलं नाही. बेड कोविडला गेले, स्टाफ तिकडे गेला, सगळं मान्य, पण ऑपरेशन पुढे ढकललं म्हणून रक्त जायचं काही थांबत नाही ना, आणि मधल्या काळात ह्या बाईने करायचं काय हे सांगायला तिथे कोणीही नव्हतं. जूनपर्यंत हिमोग्लोबिन ६.४ वर आलं, जिना चढला की छाती धडधडायची, भाजी निवडायला बसले तरी धाप लागायची.

मग माझ्या नणंदेने ह्या हॉस्पिटलचं नाव सुचवलं. पहिली भेट व्हिडिओ कॉलवर झाली, तिथल्या डॉक्टर मॅडमनी सगळे जुने रिपोर्ट आधी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून वाचले होते, हे मला तेव्हाच जाणवलं कारण मागच्या वर्षीच्या सोनोग्राफीत गाठ केवढी होती ते त्यांनीच मला सांगितलं. दोन दिवसांनी प्रत्यक्ष बोलावलं आणि पहिलं काम काय केलं तर गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासायला पाठवणं. ओपीडीतच, बारीक नळीने, जरा कळ येते पण सहन होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं, चाळिशीनंतर असं रक्त जात असेल तर आधी कॅन्सर नाही ह्याची खात्री करायची, रिपोर्ट चांगला आला तरच थांबायचा विचार, नाहीतर कोविड असो की काही असो ऑपरेशन लगेच. आधीच्या ठिकाणी तारीख पुढे ढकलताना हे कोणी विचारलंसुद्धा नव्हतं! रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा आमचे हे केबिनमधेच रडायला लागले.

आता थांबायचं का आणि किती, हे मॅडमनी जितकं नीट समजावलं तितकं मला कोणी काहीच समजावलेलं नाही. म्हणाल्या, ताई, मे महिन्यात लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी जर्नलमधे एक अभ्यास आलाय, २४ देशांतले ११२८ पेशंट, ऑपरेशनच्या आगेमागे ज्यांना कोविड झाला त्यांच्यातले २३.८ टक्के ३० दिवसांच्या आत गेले. हेही सांगितलं की त्यात वयस्कर लोक जास्त, पुरुष जास्त, इमर्जन्सी आणि कॅन्सरचे पण होते, म्हणजे हा आकडा तुम्हाला जसाच्या तसा लागू नाही, पण पुण्यात केसेस चढत असताना तुम्हाला एवढ्या कमी रक्तावर टेबलावर घ्यायची माझी तयारी नाही. शिवाय ब्लड बँकेत रक्त नाही, कॉलेजं बंद, कंपन्या बंद म्हणजे शिबिरंच नाहीत, आणि काही झालं आणि आयसीयू लागला तर बेड कुठून आणायचा. सप्टेंबरमधे पुण्यात बेडसाठी जी पळापळ झाली ती बघितल्यावर त्यांचं म्हणणं किती खरं होतं ते कळलं.

पण थांबायचं म्हणजे नुसतं घरी बसायचं नाही. आयर्नचं सलाइन दिलं, हजार मिलिग्रॅम एका वेळी, गोळ्यांनी मला उलट्या व्हायच्या त्यामुळे हेच बरं पडलं. जास्त रक्त जाईल त्या दिवसांसाठी ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या, आणि महिन्याला एक ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन, त्याने पाळी तात्पुरती बंद होते आणि गाठ थोडी आकसते. त्याचा त्रास आहे हं, अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, रात्री गाऊन घामाने भिजायचा, आणि हाडं ठिसूळ होतात म्हणून सहा महिन्यांच्या वर सहसा देत नाहीत, हे सगळं त्यांनी इंजेक्शन द्यायच्या आधी सांगितलं होतं. दर पंधरवड्याला त्यांच्या सिस्टर फोन करायच्या, किती पॅड लागले, चक्कर येते का, हिमोग्लोबिन किती. ऑक्टोबर अखेर ११ च्या वर गेलं. माझ्यासाठी ह्या हॉस्पिटलची खरी किंमत ह्या मधल्या महिन्यांत आहे, ऑपरेशन तर काय दुसरीकडेही चांगलं झालं असतं.

दिवाळी झाल्यावर तारीख दिली. आधी आठवडाभर घरातल्या सगळ्यांनी बाहेर जाणं बंद ठेवायचं, मग आरटीपीसीआर, माझी आणि सोबत राहणारीची. ऑक्टोबरच्या शेवटी सरकारने दर कमी केला होता, लॅबमधे जाऊन दिलं तर ९८० रुपये, आम्ही जाऊनच दिलं. सरसकट छातीचा सीटी स्कॅन करा असं इथे म्हणाले नाहीत, दुसरीकडे माझ्या मावसबहिणीला काही लक्षणं नसताना करायला लावला होता. रक्ताची सोय म्हणून सोसायटीतल्या दोन मुलांनी जाऊन रक्तदान केलं, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच.

ऑपरेशन दुर्बिणीने झालं. मला ही शंका होती कारण सुरुवातीला सगळीकडे ऐकलं होतं की पोटात भरलेल्या गॅसमधून, धुरातून विषाणू पसरू शकतो म्हणून दुर्बीण नको. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी येऊन सांगितलं की गॅसचं प्रेशर कमी ठेवणार, गॅस आणि धूर थेट खोलीत न सोडता फिल्टरमधून बाहेर काढणार, आणि घशात नळी घालताना ऑपरेशन थिएटरमधे फक्त भूल देणारी टीम थांबणार, बाकी सगळे बाहेर. पोट उघडून केलं असतं तर जास्त दिवस अ‍ॅडमिट राहावं लागलं असतं आणि हॉस्पिटलमधे जितकं कमी राहू तितकं बरं, हेही पटलं. पिशवी आणि तिच्या दोन्ही बाजूच्या बीजनलिका काढल्या, अंडाशयं ठेवली, त्याबद्दल सही घ्यायच्या आधी चित्र काढून दाखवलं होतं.

वॉर्डमधल्या सिस्टरांबद्दल लिहिलंच पाहिजे. सगळ्या पीपीईमधे, चेहरा दिसत नाही, आवाज मास्कमधून दबलेला, भूल उतरताना कोण आपल्याशी बोलतंय ते कळत नाही आणि भीती वाटते. तर ह्या मुलींनी छातीवर स्केचपेनने मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव आणि खाली गाव लिहिलेलं. माझ्या रात्रपाळीच्या सिस्टरच्या गाऊनवर "बार्शी" होतं, माझं माहेर तिथलंच, पहाटे लघवीची नळी काढताना मला उगाच टेन्शन आलं होतं तर ती भगवंताच्या देवळाबद्दल विचारत बसली आणि नळी कधी निघाली कळलं पण नाही. त्या पोरी सहा सहा तास पाणी न पिता त्या कपड्यांत उभ्या असायच्या, त्यांना पगार किती मिळतो माहीत नाही पण जेवढा मिळतो त्याच्या दुप्पट द्या असं मी मॅनेजरना सांगून आलेय.

आता जे आवडलं नाही ते. सोबत एकच बाई, ती बदलता येणार नाही, नियम बरोबरच आहे, पण तिच्या झोपायची सोय म्हणजे एक प्लास्टिकची खुर्ची, नणंदेची पाठ धरली. ऑपरेशन चालू असताना ह्यांना खाली गेटबाहेर उभं केलं होतं आणि फोन करतो म्हणून सांगून खूप वेळ फोनच केला नाही, संपल्यावर एक मेसेज टाकायला काय लागतं? आणि बिलात "कोविड चार्जेस" म्हणून एकच ठोक रक्कम लावली होती. मी कशाचे किती ह्याचा ब्रेकअप मागितला, मिळाला, त्यात पीपीई किट मोजून बघितले तर जास्त निघाले, ते त्यांनी न भांडता कमी केले. पण बऱ्याच पॉलिसीत पीपीई, ग्लोव्ह्ज वगैरे कंझ्युमेबल्स, म्हणजे वापरून फेकायच्या वस्तू, म्हणून बसतच नाहीत, कॅशलेस असलं तरी ते पैसे खिशातून जातात, हे अ‍ॅडमिशनच्या वेळी काउंटरवर सांगायला हवं होतं. ह्यासाठी अर्धा स्टार कापतेय, पाचपैकी साडेचार.

माझ्या ओळखीत तेव्हा अजून दोघीजणी होत्या ज्या "कोविड संपला की बघू" म्हणून बसल्या होत्या, एक तर पाळी जाऊन दोन वर्षं झाल्यावर परत रक्त दिसायला लागलं तरी जात नव्हती, तिला मी स्वतः घेऊन जायचं ठरवलं. पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी थांबायचं नाही, हे मॅडमनी मला चारदा सांगितलंय. ज्यांना जायचंय त्यांनी अपॉइंटमेंट फोनवरच घ्या, कोविडमधे तशीच गेलेल्यांना गेटवरून परत पाठवायचे. जुनी सोनोग्राफी, हिमोग्लोबिनचे रिपोर्ट आणि पाळीच्या तारखा लिहून न्या, मॅडम तारखा विचारतातच. पार्किंग अजिबात नाही, रिक्षाने जा.