एजंट न लावता कॅनडाची स्पाउस स्पॉन्सरशिप : नागपुरातून फाइल भरल्यानंतरचा अनुभव

नवऱ्याने किंवा बायकोने आपल्या जोडीदाराला कॅनडात कायमचं राहायला बोलावून घ्यायचा हा अर्ज. माझा निष्कर्ष आधीच सांगून टाकते. दोघांचंही पहिलंच लग्न, व्हिसा कधी नाकारलेला नाही, पोलिसांत काही नोंद नाही, असं सरळ प्रकरण असेल तर हे काम घरबसल्या होतं. कॅनडाचे फॉर्म लांबलचक आहेत, अवघड नाहीत. जीव जातो तो आपल्याच कपाटातले कागद एकमेकांशी जुळवताना. ते काम सीताबर्डीतला महागातला महाग एजंटही करून देत नाही, कारण त्याच्या यादीची पहिलीच ओळ असते, ‘सर्व कागदपत्रे उमेदवाराने आणून द्यावीत’. मग उरतं काय? टायपिंग.

नवरा ओंटारिओत, पीआर आहे, म्हणजे तिथे कायमचं राहायची परवानगी असलेला. पीआर असलेल्याला स्पॉन्सर व्हायचं तर कॅनडातच राहावं लागतं, म्हणून तो तिकडे आणि मी इकडे. दिवाळीनंतर सुरुवात केली, महाशिवरात्रीच्या सुमारास फाइल गेली. आता पावसाळा लागलाय. त्याला स्पॉन्सर म्हणून मंजुरी मिळाली, माझं मेडिकल आणि बायोमेट्रिक झालं, पार्श्वभूमीची तपासणी सुरू आहे.

सगळ्यात जास्त वेळ नावांनी खाल्ला. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, मधलं नाव कुठे बाबांचं तर कुठे नवऱ्याचं, आणि जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरीच. महानगरपालिकेत ते नाव चढवून घेतलं. बाकी फरकांसाठी ‘ही सगळी नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र सिव्हिल लाइन्सला कोर्टाजवळच्या नोटरीकडून करून घेतलं. फॉर्ममध्ये याआधी वापरलेल्या नावांसाठी रकाना असतो, तिथे एकूण एक रूप लिहून टाका. पासपोर्ट मी माहेरच्या नावाचाच ठेवला. सासूबाई म्हणाल्या, “आमचं आडनाव नाही लावत का गं?” म्हटलं, “आई, पीआर कार्ड हातात येऊ द्या, मग बघू.” मधेच पासपोर्ट बदलला की सगळीकडे तो कळवत बसावं लागतं.

आईबाबांच्या जन्मतारखाही द्याव्या लागतात. बाबा म्हणे पोळ्याच्या आसपासचे, पण शाळेत मास्तरांनी लावलेली तारीख १ जून. आईचीही १ जूनच! अधिकाऱ्याला काय वाटायचं ते वाटो, कागदावर आहे तेच लिहा. भावंडं सगळी येतात, वारलेलीसुद्धा.

शेड्यूल ए नावाचा फॉर्म मागच्या दहा वर्षांत काय केलं याचा हिशेब मागतो, तोही महिन्यावर महिना, मध्ये एकही फट नको. मी अभ्यासिकेत बसून एमपीएससी केली ती वर्षं तिथे कशी दाखवायची, यावर घरात परिषद भरली. काकाजींचं मत पडलं, एखादी नोकरी दाखवून दे. अजिबात नाही. ‘नोकरी नाही, स्पर्धा परीक्षेची तयारी’ असं सरळ लिहिलं. खोटी माहिती पकडली गेली तर पाच वर्षांची बंदी येते.

आता मुख्य फॉर्म, आयएमएम ५५३२. ओळख कोणी करून दिली, पहिली भेट कुठे, घरच्यांना माहीत आहे का, लग्नाला कोण होतं. लग्न केवळ इमिग्रेशनसाठी तर नाही ना, हे अधिकारी इथून ताडतो. एका एजंटने मला उत्तरांचा तयार नमुना दाखवला. त्यात संगीत, मेहंदी आणि घोडी. आमच्याकडे घोडीही नव्हती नि संगीतही, सीमांतपूजन होतं! मामाजींनी स्थळ सुचवलं, आधी व्हिडिओ कॉल झाले, मग तो नागपूरला आला, हे आम्ही दोघांनी वेगवेगळं लिहून काढलं आणि मग तारखा ताडून पाहिल्या. ठरवून केलेलं लग्न लपवण्यासारखं काही नाही. फोटो जास्तीत जास्त वीस आणि चॅट-कॉलचे पुरावे दहा पानं. आमच्या चॅटमध्ये निम्मं ‘जेवलीस का?’ आहे, पण त्याच्या सकाळी आणि माझ्या संध्याकाळी रोज न चुकता, म्हणून तेच लावलं. प्रत्येक फोटोखाली कोण, कुठे, कधी हे लिहिलं.

विवाह नोंदणी लग्न झाल्या झाल्या महानगरपालिकेच्या झोन ऑफिसात करून घ्या. तीन साक्षीदार आणि गुरुजींची सही लागते, आणि गुरुजी सीझनमध्ये सापडत नाहीत. मराठी कागदांचं भाषांतर नातेवाइकाने केलेलं चालत नाही, भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र सोबत जोडावं लागतं.

पोलीस क्लिअरन्स, म्हणजे पोलिसांत नोंद नसल्याचा दाखला, पासपोर्ट सेवेच्या साइटवरून, फी ५०० रुपये. नागपूरकरांनी डिसेंबर टाळावा. हिवाळी अधिवेशन असतं, पोलीस बंदोबस्तात, सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद. ठाण्यातले साहेब हसून म्हणाले, “काहून घाई करून राहिल्या ताई, मंत्री जाऊ द्या मुंबईला.” मंत्री गेले, मग काम झालं.

मेडिकल आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे चालत नाही, कॅनडाच्या यादीतलाच लागतो. मेडिकल आणि बायोमेट्रिक दोन्हींची पत्रं आल्यावर प्रत्येकी ३० दिवसांची मुदत असते. माझी दोन्ही पत्रं लागोपाठ आली, त्यामुळे दुरांतोने मुंबई गाठून एकाच फेरीत उरकलं. बायोमेट्रिकचे ८५ कॅनेडियन डॉलर बाकी फीसोबतच भरा, नाहीतर ते पत्र अडकून राहतं. आणि फॉर्मच्या पीडीएफ मोबाइलवर धड उघडत नाहीत, कॉम्प्युटरवर अॅडोबी रीडर टाका.

आमच्या घरी सगळ्यात जास्त चर्चा झालेली अट म्हणजे स्पॉन्सरची हमी. पीआर मिळाल्यापासून तीन वर्षं बायकोच्या मूलभूत गरजांची जबाबदारी नवऱ्याची, मधे घटस्फोट झाला तरी. बाबांनी हे दोनदा वाचून घेतलं आणि खूश झाले. क्युबेक प्रांताचे नियम वेगळे आहेत, तिकडचा स्पॉन्सर असेल तर माझं हे सगळं जसंच्या तसं लावू नका.

आधी नकार आलेला असेल, घटस्फोट किंवा मुलांचा ताबा मधे असेल, तर पैसे खर्च करा, पण माणूस बघून. पैसे घेऊन या फाइलमध्ये प्रतिनिधित्व करायचा अधिकार कॅनडाचे सल्लागार, वकील अशा परवानाधारकांनाच आहे. सल्लागारांची नावं त्यांच्या नियामक संस्थेच्या (तिला ‘कॉलेज’ म्हणतात) जाहीर नोंदवहीत ऑनलाइन दिसतात. मी घोडीवाल्या एजंटला विचारलं होतं, “प्रतिनिधी म्हणून फॉर्मवर तुमचं नाव टाकाल का?” तो म्हणाला, “त्याची काही गरज नसते मॅडम.” हा प्रश्न फी विचारायच्या आधी विचारा.