व्हॅली दे सँ, कार्नोएत: फ्रान्सच्या ब्रिटनीत असाल तर ही संतांच्या पुतळ्यांची टेकडी चुकवू नका

आम्ही ब्रिटनीतल्या रेन शहरात राहतो, त्यामुळे सँ-मालो, सँ-ब्रिओ ही गावांची नावं रोजच्या पाट्यांवरची ('सँ' म्हणजे संत). ज्या संतांवरून ती गावं ओळखली जातात, ते संत कार्नोएतच्या टेकडीवर ग्रॅनाइटमध्ये उभे आहेत. 2008 मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात आता शंभराहून जास्त पुतळे आहेत, संकल्प हजाराचा!

यातले बरेचसे पाचव्या ते सातव्या शतकात वेल्स, आयर्लंडकडून समुद्र ओलांडून आलेले साधू. रोमच्या चर्चने रीतसर संतपद दिलेले त्यात थोडेच, लोकांनीच त्यांना संत मानलं. मला हेच फार भावतं.

संत कोरांतँच्या पुतळ्यापाशी जरा थांबा. हा कँपेर शहराचा पहिला बिशप. दंतकथा अशी, की त्याच्या झऱ्यात एकच मासा होता. रोज त्याचा तुकडा कापून खायचा आणि उरलेला पाण्यात सोडायचा, दुसऱ्या दिवशी मासा पुन्हा अख्खा. ही गोष्ट मुलांना आधी सांगून ठेवा, म्हणजे तिथे ती आपणहून मासा शोधतील. दगडावरचे छिन्नीचे घाव हाताला खरखरीत लागतात, पावसानंतर त्यांचा रंग गडद होतो.

पायथ्याशी सँ-जिल्दाचं जुनं चॅपल आहे. त्याच्याच नावाचं सँ-जिल्दा-द-र्‍यूईस हे गाव मोर्बियाँ जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आहे, तेही पाहण्यासारखं.

स्वतःची गाडी हवीच. माथ्यावर वारा झोंबतो, जाकीट घ्या. चढ सोपा आहे, माझ्या सासूबाई सावकाश वरपर्यंत आल्या.