शोषण की अपवर्तन?

लातुरात एम.एस्सी.च्या पोरांचा दरवर्षीचा प्रश्न: प्रकाशीय द्विस्थिरता (समोरासमोरच्या आरशांमधल्या पोकळीत प्रकाश तेवढाच सोडला तरी ती मंद किंवा उजळ, दोन्हींपैकी कुठल्याही स्थितीत टिकणं) शोषणाची बरी की अपवर्तनाची? शोषणाच्या प्रकारात प्रकाशाची तीव्रता वाढली की आरशांमधलं माध्यम संपृक्त होऊन, म्हणजे आणखी शोषायची ताकद संपून, पारदर्शक होतं. समजायला सोपं, पण आरशांतल्या गळतीच्या मानानं शोषण भरपूर लागतं. अपवर्तनाच्या प्रकारात अपवर्तनांक बदलतो आणि पोकळी आपणहून अनुनादात, म्हणजे आत प्रकाश साठून वाढतो त्या स्थितीत, सरकते. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनशाळेतल्या १९७६च्या सोडियम वाफेच्या प्रयोगातही मुख्य काम अपवर्तनानंच केलं. माझा कौल त्यालाच.

स्विचिंग लहर मात्र दोन्हींत दिसते. उसाचं पाचट पेटलं की जाळाची कड पुढं सरकते, तशी उजळ भागाची सीमा अंधाऱ्या भागावर चालून जाते. आत सोडलेला प्रकाश पुरेसा कमी केला की ती उलटी फिरते. मधल्या एका नेमक्या तीव्रतेला जागीच थांबते. पाचटाला हे कुठलं जमायला!