एका क्लायंटवरचं संशोधन: आलेख घ्यावा की उलटतपासणी?

थेरपीचा परिणाम दाखवणारा प्रबंध मोजक्या क्लायंटवर करायचा असेल, तर माझ्या मते विचार करण्याजोग्या वाटा दोन: सिंगल-केस एक्सपेरिमेंट (एकेका क्लायंटचं पुन्हापुन्हा मोजमाप करून आलेख काढणं), नाहीतर मानसोपचार-संशोधक रॉबर्ट एलियट यांची २००२ सालची हर्मेन्युटिक पद्धत (पुरावे गोळा करून थेरपीच्या दाव्याची जणू उलटतपासणी घेणं). मी दोन्ही वापरल्या आहेत.

तिसरी वाट म्हणजे थेरपिस्टने मागाहून लिहिलेली केस. वाचायला ती सगळ्यांत गोड, पुरावा म्हणून सगळ्यांत लंगडी. ‘अ‍ॅना ओ.’ आठवा, व्हिएन्नाचे डॉक्टर ब्रॉयर यांची गाजलेली रुग्ण. उपचार संपले तेव्हा तिची लक्षणं गेली होती आणि मग ती प्रवासाला गेली, असं ब्रॉयर यांनी १८९५ साली लिहिलं. मानसोपचाराचे इतिहासकार एलेनबर्गर यांनी १९७२ साली जुने कागद बाहेर काढले, तर १८८२च्या त्याच उन्हाळ्यात ती स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइत्झलिंगनच्या सॅनेटोरियममध्ये दाखल झालेली निघाली. उपचार करणारा, लिहिणारा आणि निकाल देणारा एकच असला, की व्हायवात बचाव करणं कठीण.

सिंगल-केस एक्सपेरिमेंटचा दबदबा मात्र खरा आहे. उपचार द्यायचे, थांबवायचे, पुन्हा द्यायचे, हा एबीएबी प्रकार बोलण्याच्या थेरपीत फारसा चालत नाही. माणसाला एकदा उमगलेलं परत कसं काढून घेणार? म्हणून मल्टिपल बेसलाइन. बेसलाइन म्हणजे थेरपीआधीचा, नुसत्या नोंदींचा काळ. तीन-चार क्लायंट, प्रत्येकाची थेरपी वेगळ्या दिवशी सुरू. प्रत्येकाचा आलेख आपापल्या थेरपीच्या वेळीच वळला, तर त्याला योगायोग म्हणायला जीभ रेटत नाही. मंत्रचळात हात किती वेळा धुतले, मूल वर्गात किती वेळा जागेवरून उठलं, असं मोजता येणारं काही असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. हीच पद्धत घ्या.

माझं घोडं अडलं ते बेसलाइनवर. कितीतरी महिने घोळवून माणूस एकदाचा फोन करतो आणि आपण त्याला सांगतो, “रोज रात्री हा तक्ता भरा, थेरपी तीन आठवड्यांनी.” तीनच का, तर थेरपीचा दिवस चिठ्ठ्या टाकून ठरवला, त्यात तसं निघालं म्हणून. “मग तोवर मी काय करू?” याला माझ्याकडे कधीच धड उत्तर नसायचं. घरी न सांगता येणाऱ्या बाईने तो तक्ता ठेवायचा कुठे, हा आणखी एक प्रश्न. त्यात रोज स्वतःकडे बघून नोंद करणं हेही थोडं औषधच असतं. त्यामुळे काहींचा आलेख बेसलाइनमध्येच उतरायला लागतो. मग गाईड म्हणतात, बेसलाइन स्थिर नाही, अजून आठवडाभर वाढवा. म्हणजे ज्याला बरं वाटायला लागलंय त्यालाच आणखी ताटकळत ठेवायचं! ज्याच्या मनात आत्महत्येचे विचार आहेत त्याला थांबवता येत नाही, तो अभ्यासातून बाहेर. शेवटी उरतात ते ज्यांना थांबणं परवडतं. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल. मला ते पटेना.

एलियट यांच्या पद्धतीत थेरपी ठरल्या वेळी सुरू होते. क्लायंटच्या स्वतःच्या शब्दांतल्या दहाएक तक्रारी लिहून घ्यायच्या आणि त्यांना दर आठवड्याला १ ते ७ गुण द्यायला सांगायचे. “सासरे जेवायला बसले की छातीत धडधडतं” हे वाक्य जसंच्या तसं तक्त्यात जातं. कुठल्याही तयार प्रश्नावलीत ते सापडणार नाही. शेवटी बदलाची मुलाखत, आणि ती थेरपिस्टने घ्यायची नाही. प्रत्येक बदलाबद्दल विचारायचं: हा अपेक्षित होता का, थेरपी नसती तर झाला असता का, तुमच्या दृष्टीने किती महत्त्वाचा. मग एक बाजू थेरपीच्या वतीने भांडते, दुसरी विरुद्ध. विरुद्ध बाजूच्या हाती आठ हत्यारं असतात: बदल किरकोळ आहे, आकड्यांचा खेळ आहे, थेरपिस्टला खूश करणं आहे, नुसती आशा आहे, माणूस आपसूक सावरला, बाहेर काही घडलं, औषधाने वा शरीरातल्या फरकाने झालं, किंवा संशोधनात असण्याचाच परिणाम.

खूश करण्याचा मुद्दा आपल्याकडे हलक्यात घेऊ नका. “सर, तुमचेच उपकार,” म्हणत पेढे ठेवणारी व्यक्ती तिऱ्हाइतापुढे शांतपणे सांगते, “झोप ना, ती बदली रद्द झाल्यावर लागली.” हे वाक्य विरुद्ध बाजूला जातं आणि बाकीच्या दाव्यांवर वाचकाचा विश्वास बसतो. आलेखात ते सापडलं नसतं.

वेळ मात्र भरपूर जातो. सेशन उतरवून घेणं कंटाळवाणं, दोन्ही बाजू ऐकून निकाल देणारे पंच म्हणून आपल्याच विभागातले मित्र बसतात, आणि परीक्षक “कंट्रोल ग्रुप कुठाय?” विचारतात तो भाग वेगळाच. एका केसवरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही, हे दोन्हींकडे सारखंच.

तरी मला विचाराल तर, तक्रार नात्यांची, शोकाची किंवा उदासीची असेल तर मी एलियटकडेच झुकेन. फक्त विरुद्ध बाजू मांडणारा माणूस क्लायंट घेण्याआधी शोधा, आणि तो तुमच्या थेरपीच्या पंथाबाहेरचा असू द्या. मुलाखत दुसरी व्यक्ती घेणार हे संमतिपत्रात आधीच लिहा. एथिक्स कमिटी बहुतेक तिथेच अडवते.